कुंडीतल्या झाडाची नवीन पानं परत परत पिवळी पडतात: चॅटबॉट एक सांगतो, माळी दुसरं, मग टाकायचं काय? (सोलापूर, टेरेस आणि गॅलरी)

प्रॉब्लेम असा आहे. जास्वंद, मोगरा, लिंबू, गुलाब, कधी कढीपत्ता, कुंडीत लावलेलं झाड, शेंड्याकडची नवीन पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात, काहीतरी टाकलं की महिनाभर बरं वाटतं आणि मग परत तेच. मार्च लागला की मला सगळ्यात जास्त फोटो याचेच येतात. आणि हल्ली फोटोबरोबर एक स्क्रीनशॉट पण येतो, चॅटबॉटने काय सांगितलं त्याचा, आणि खाली एक ओळ, "पण आमच्या सासूबाई म्हणतात राख टाका, नर्सरीवाला म्हणतो डीएपी खत टाका, कुणाचं ऐकू?"

म्हणून दोन्हीचं एकदमच लिहितोय. पानं पिवळी का पडतात ते पण, आणि कुणाचं किती ऐकायचं ते पण. कारण हा त्रास परत परत येतो तो माती-पाण्यामुळे जेवढा येतो तेवढाच आपण सल्ले गोळा करून सगळे एकाच कुंडीत ओततो म्हणून येतो.

सगळ्यात आधी हात थांबवा. निदान दोन आठवडे पाण्याशिवाय काही टाकायचं नाही. जुळे सोलापुरात एका वहिनींचं कागदी लिंबू बघितलं, निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलेलं, खोड दणकट पण शेंडे पिवळेजर्द. महिनाभरात त्यांनी चॅटबॉटने सांगितलं म्हणून एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) घातलं, मग तोच म्हणाला कॅल्शियम कमी असू शकतं म्हणून अंड्याच्या टरफलांची पूड घातली, शेजारच्या काकूंनी सांगितली म्हणून राख, आणि नर्सरीत सांगितलं म्हणून मूठभर डीएपी. यातला एकेक सल्ला कुठेतरी, कुठल्यातरी झाडाला बरोबर असेलही. पण चारही एका ड्रमात गेल्यावर मूळचा आजार किती आणि आपण घातलेल्याचा किती हे कुणीच सांगू शकत नाही. त्यात डीएपीमधलं फॉस्फरस जास्त झालं की लोह आणि जस्त अजूनच अडकतं, आणि राख, टरफलं दोन्ही माती अल्कलीकडे नेणारी. म्हणजे पिवळेपणा घालवायला म्हणून जे टाकलं त्यातल्या तीन गोष्टी पिवळेपणा वाढवणाऱ्याच होत्या.

आता पान बघा, पण नीट बघा. पिवळं शेंड्याकडून सुरू झालंय की बुडाकडून, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी सांगत नाही, सगळे नुसतं "पानं पिवळी पडतायत" एवढंच लिहितात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसतेय, तर बहुतेक वेळा लोह. पानं बारीक राहतायत, जवळजवळ गुच्छासारखी येतायत, तर जस्ताचा संशय घ्या. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळतायत तर नत्र कमी, नाहीतर पाणी जास्त होऊन मुळं कुजतायत, त्यासाठी बोट दोन पेरं मातीत घालून बघा आणि ती माती हुंगून पण बघा, कुजकट आंबूस वास आला तर खताचा विषयच नाही, खालचं भोक तुंबलंय. जुन्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा, कडेकडून सुरू झालेला, तर मॅग्नेशियम, आणि एप्सम सॉल्टला अर्थ आहे तो फक्त इथे.

अजून एक गोष्ट जी आपल्याकडे मार्च ते मे हमखास असते, ती म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड. पान लांबून पिवळट दिसतं, जवळून बघितलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक बारीक फिकट ठिपके. पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला टिचकी मारा. कागदावर धुळीसारखं काहीतरी पडेल, दहा सेकंद बघत बसा, त्यातली धूळ चालायला लागली तर ते कोळी. कोरडी गरम हवा त्यांना मानवते आणि आपल्याकडे एप्रिलात पारा ४२ च्या पुढे सहज जातो, म्हणजे त्यांचा सीझनच. यावर खत काय करणार? पानांच्या मागून जोरात पाण्याचा फवारा, तीन-चार दिवसांच्या अंतराने, आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून. भर उन्हात तेल मारायचं नाही, पान भाजतं. गंधकाची पावडर पण कोळ्यावर चालते पण ३५ अंशाच्या वर ती पण पान जाळते आणि तेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधक मारायचं नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण चॅटबॉट या दोन्ही गोष्टी एकाच यादीत एकाखाली एक देतो आणि लोक आज हे उद्या ते मारतात.

ठिपके नाहीत, शेंड्याकडूनच पिवळं, जाळी दिसतेय, मग पुढे वाचा.

सोलापुरातच हे एवढं का?

आपली माती बेसाल्टपासून झालेली, काळी, आणि पाऊस कमी, त्यामुळे तिच्यातला चुना धुऊन जात नाही, तिथेच साठतो. शेतात नांगरट केली की पांढरे खडे वर येतात ना, तेच. पीएच (माती आम्ल का अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या वर अल्कली) साधारण साडेसात ते साडेआठ. अशा मातीत लोह भरपूर असतं, झाडाला ते उचलता येत नाही एवढंच. म्हणून "लोहाची कमतरता" ऐकून कुंडीत लोखंडी खिळे पुरून ठेवणारे लोक आहेत, त्याचा उपयोग नाही, आधीच आहे तेच लोह अडकलंय तर खिळ्याचं कुठून सुटणार.

घरी तपासायचं असेल तर चमचाभर सुकी माती काचेच्या वाटीत घ्या आणि वरून पांढरं व्हिनेगर ओता. फेस आला, बुडबुडे आले, तर मातीत मोकळा चुना आहे. थोडाच असेल तर डोळ्याला दिसत नाही पण वाटी कानाजवळ नेली की सोडा वॉटरसारखी चुरचुर ऐकू येते. ही चुरचुर ऐकली की गंधक टाकून किंवा व्हिनेगर ओतून माती आम्ल करायच्या नादी लागू नका, आधी तो सगळा चुना संपेल तेव्हा पीएच उतरेल, आणि तोवर मुळं राहायची नाहीत.

मग पाणी. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून झाडांना बोअरचं, आणि ते बहुतेक ठिकाणी जड. गिझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो, बादलीच्या कडेला रेघ येते, तेच कुंडीत पण साठतंय. टेरेसवर उन्हाने पाणी उडून जातं, क्षार खाली राहतात, रोज थोडे थोडे. आणि त्याहून वाईट म्हणजे आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी. ते वाया जाऊ नये ही भावना शंभर टक्के चांगली आहे, आपल्या दुष्काळी भागात पाणी टाकवत नाही कुणाला, पण त्या पाण्यात क्षार अजून घट्ट होऊन उतरलेले असतात. त्याने फरशी पुसा, गाडी धुवा, संडासला वापरा, कुंडीत नको.

आणि काही गोष्टी अशा आहेत ज्या इथे राहणाऱ्यालाच सुचतात. उन्हाळ्यात स्लॅब गार राहावा म्हणून आपण टेरेसवर चुना मारतो, कुंड्या न हलवता मारला आणि पाणी साठलं की ते चुन्याचं पाणी खालच्या भोकातून वर ओढलं जातं. शोभेला म्हणून जास्वंदीच्या कुंडीत वर पांढऱ्या संगमरवरी चिप्स पसरतात, त्या चिप्स म्हणजे चुनाच, रोज पाणी घालताना थोडा थोडा विरघळून मुळाशी जातो. नवीन बांधकामाजवळची माती भरली तर तिच्यात सिमेंटचा राडारोडा. नर्सरीतून आणलेलं झाड बऱ्याचदा बाहेरगावच्या लाल मातीच्या गोळ्यात असतं आणि आपण ते तसंच काळ्या चिकण मातीत बसवतो, मग पाणी दोन मातींच्या मधल्या सीमेवर अडतं, बाहेरची काळी माती चिखल आणि आतला लाल गोळा कोरडा, किंवा उलटं. यातलं एक तरी तुमच्याकडे असेल, जाऊन बघा आधी.

चॅटबॉट कुठे चुकतो

आता मुद्द्यावर येतो. चॅटबॉट मूर्ख नाही. तो लिहिलेल्या मजकुरावरून शिकलाय, आणि बागकामावर इंटरनेटवर जे लिहिलंय त्यातलं खूपसं इंग्रजीत आहे, अमेरिका-इंग्लंडच्या परसबागांबद्दल. तिथे बऱ्याच भागात पाऊस भरपूर, माती धुऊन धुऊन आम्ल झालेली, म्हणून तिथे अंड्याची टरफलं, राख, चुना हे खरंच शहाणपणाचे सल्ले आहेत. तेच सल्ले आपल्याला मराठीत मिळतात, छान सोप्या मराठीत, आणि मराठी वाचलं की वाटतं हा इथलाच कुणीतरी बोलतोय. भाषा आपली असली तरी माती त्यांचीच असते त्या उत्तरात.

टोमॅटोचं उदाहरण घ्या. एकजण मार्चमध्ये रोपं लावत होता कारण त्याला उत्तर मिळालं होतं की थंडी संपली, दहिवर (गोठलेलं दव, फ्रॉस्ट) पडायचा धोका टळला की लावा. दहिवराची भीती कुठे, आपल्याकडे भीती उन्हाची आहे. दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं, रात्री पण गारवा नाही, की टोमॅटोचं फूल फळ न धरता गळतं. आपल्याकडे लागवड जून-जुलै, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर, उन्हाळी करायचीच तर जानेवारी-फेब्रुवारीत उरकायची. "फुल सन सहा ते आठ तास" हे पण तसंच. ते ऊन वेगळं, मे महिन्यात दुपारी दोनला पश्चिमेच्या कठड्याला टेकलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः उकडतात, तिथे ५० टक्के शेडनेट लागतं.

मापाचा घोळ पण लक्षात ठेवा. "एक टेबलस्पून" लिहिलंय ते एका गॅलनला आहे का लिटरला हे बघा, अमेरिकन गॅलन म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर. उत्तर मराठीत येताना कधीकधी गॅलन गायब होतो आणि चमचा तसाच राहतो, म्हणजे चौपट डोस. औषधांच्या बाबतीत तर स्पष्टच सांगतो, कीटकनाशक-बुरशीनाशकाचं प्रमाण चॅटबॉटला विचारायचं नाही, बाटलीवरचं लेबल वाचायचं. लेबलवर ते पीक, ती कीड लिहिलेली नसेल तर ते औषध त्या झाडाला नाहीच.

आणि सगळ्यात घातक सवय म्हणजे तो आपल्या सुरात सूर मिळवतो. "मी एप्सम सॉल्ट टाकू का, चांगलं असतं ना?" असं विचारलं की हो, उत्तम कल्पना. नवीन चॅट उघडून विचारा, "एप्सम सॉल्टने काही होत नाही असं ऐकलंय, बरोबर ना?" की तुमचं अगदी बरोबर आहे. करून बघा एकदा. आपण आधीच जे ठरवलंय तेच तो आपल्याला परत देतो आणि आपल्याला वाटतं दुसऱ्या कुणाकडून खात्री झाली.

माणसांचं पण सगळं तसंच्या तसं घेऊ नका

रेल्वे लाईन्स भागात बंगल्यांची कामं करणारे एक माळीमामा आहेत, त्या लिंबाच्या ड्रमकडे त्यांना घेऊन गेलो. त्यांनी पानाकडे बघितलंच नाही आधी. ड्रमच्या आतल्या कडेला नखाने खरवडलं, पांढरा थर नखात आला, मग वहिनींना विचारलं, "ताई, पाणी कुठलं घालताय?" वहिनी म्हणाल्या बोअरचं आणि आरओमधून वाया जाणारं. "झाड आजारी नाय, पाणी खारं हाय." संपलं. चॅटबॉटशी वहिनींचं बोलणं पानभर झालं होतं, त्याने पाणी कुठलं हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून वहिनींनी सांगितलं नव्हतं. सल्ला कुणाचा घ्यावा यावर माझं मत हेच आहे, उपाय सांगायच्या आधी जो चार प्रश्न विचारतो त्याचा.

पण मामांनीच पुढे सांगितलं राख घाला थोडी, लिंबाला चांगली. मोठ्या बागेत, जमिनीत, पालाश (पोटॅश) मिळावं म्हणून त्यांनी आयुष्यभर राख घातलीये आणि तिथे ती खपून गेली. ड्रममधल्या आधीच खाऱ्या मातीत ती नको. शेतातला अनुभव कुंडीला आणि विहिरीवरचा अनुभव खोल बोअरला तसाच्या तसा लागू होत नाही, आणि हे सांगताना माळ्याचा अपमान होत नाही, त्यांनाही मी तसंच सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

अनुभव कसा फसवतो ते बघा. आपल्याकडे पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि सप्टेंबरात चांगला जोर असतो. पावसाचं पाणी मऊ, क्षार नसलेलं, ते कुंडीतले क्षार धुऊन काढतं आणि त्याच काळात नवीन पालवी हिरवी येते. आता ज्याने जुलैत ताक घातलं तो सांगतो ताकाने हिरवं झालं, ज्याने गूळपाणी घातलं तो गुळाचं नाव घेतो, ज्याने एप्सम घातलं तो एप्समचं. सगळे खरं बोलतायत, डोळ्यांनी बघितलेलं सांगतायत, पण काम पावसाने केलेलं असतं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बोअरचं पाणी सुरू राहिलं की पानं परत पिवळी, आणि ताक घालून पण या वेळी काही होत नाही. (उलट पावसात पण पिवळं पडत असेल तर भोक तुंबलंय, चुन्याच्या मातीत पाणी साचलं तरी लोह अडकतं.)

मग ठरवायचं कसं

झाडालाच विचारायचं. हा उपाय मला सगळ्यात आवडतो कारण यात कुणाचं ऐकायची गरजच राहत नाही. कृषी सेवा केंद्रातून हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणा, हिरवट खडे असतात, पिवळे-तपकिरी पडलेले असतील तर घेऊ नका, जुने आहेत. एक लिटर आरओचं शुद्ध पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५ ग्रॅम हिराकस, दोन थेंब शाम्पू. बोअरच्या पाण्यात केलं तर थोड्या वेळात ते गंजासारखं तांबूस होतं, मग उपयोग नाही. दुसऱ्या बाटलीत लिटरला १० ग्रॅम एप्सम सॉल्ट.

आता संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पूर्ण पांढरं न पडलेलं कोवळं पिवळं पान निवडा. मधल्या शिरेच्या फक्त डाव्या बाजूला ब्रशने किंवा कापसाने हिराकसचं पाणी लावा, उजवी बाजू कोरडी सोडा. शेजारच्या फांदीवरच्या पानाला तसंच अर्ध्यावर एप्समचं. फांदीला दोरा बांधा, वेगवेगळ्या रंगाचा, म्हणजे विसरणार नाही. आठ-दहा दिवसांनी बघा. वहिनींच्या लिंबावर एका पानाची डावी बाजू अशी हिरवी झाली होती की मधे रेघ मारल्यासारखी दिसत होती, आणि एप्समच्या पानावर काहीही फरक नव्हता. त्या एका पानाने घरातला सगळा वाद संपवला, सासूबाई पण बघून गेल्या. दोन्हीने फरक पडला नाही तर लोह पण नाही आणि मॅग्नेशियम पण नाही, मुळं बघा, भोक बघा, जस्त बघा.

लोहच आहे हे कळल्यावर तेच प्रमाण सगळ्या झाडावर फवारायचं, संध्याकाळी, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. पाणी करून ठेवायचं नाही, त्या दिवशी केलेलं त्याच दिवशी संपवायचं. खाली पोतं टाका, फरशीवर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मातीतून द्यायचं असेल तर नुसतं हिराकस चुन्याच्या मातीत काही दिवसांत अडकून बसतं, म्हणून ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, आठ-पंधरा दिवस मुरवून मग द्यायचं. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) घेणार असाल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का ईडीटीए ते वाचा. आपल्या पीएचला मातीत टिकतं ते ईडीडीएचए, पाण्यात टाकलं की गडद लालभडक रंग येतो. ईडीटीए फवारणीला ठीक आहे, मातीत त्याचे पैसे वाया जातात. दुकानदार दोन्हीला "चिलेटेड आयर्न" एवढंच म्हणतो.

पण फवारणी म्हणजे तात्पुरतं, पाणी बदललं नाही तर परत पिवळं पडणारच, आणि हीच ती परत परत येण्याची गोष्ट आहे. नळाला पाणी येईल त्या दिवशी झाडांसाठी वेगळी टाकी किंवा ड्रम भरून ठेवा, नळाचं पाणी बोअरपेक्षा बरंच बरं असतं. महिन्यातून एकदा कुंडीत इतकं पाणी द्या की खालून भरपूर निघून जाईल, आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून द्या, नाहीतर धुतलेले क्षार परत वर. पावसाळ्यात टेरेसचं पहिलं घाण पाणी जाऊ दिल्यावर पुढचं साठवा. पांढऱ्या चिप्स काढा. वर्षातून एकदा वरची दोन-तीन इंच माती खरवडून काढून नवीन शेणखत-गांडूळखत घाला. नवीन कुंडी भरताना काळी माती एक तृतीयांशपेक्षा जास्त नको, बाकी कंपोस्ट आणि धुतलेलं कोकोपीट, कारण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पण मीठ असतं.

चॅटबॉट वापरायचाच असेल तर

वापरा, मी पण वापरतो. वेगवेगळ्या शक्यता एकत्र मांडायला, एखादं लेबल समजून घ्यायला, शास्त्रीय नाव काढायला तो उत्तम आहे. पण त्याला सगळं सांगा. साधारण असं लिहा: "सोलापूर, एप्रिल, टेरेस, दुपारनंतर ऊन, १४ इंची प्लास्टिक कुंडी, काळी माती जास्त, व्हिनेगर टाकलं की फसफसते, बोअरचं पाणी, जास्वंद, शेंड्याची पानं पिवळी शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक, मागच्या महिन्यात एप्सम आणि डीएपी टाकलंय. लगेच उपाय सांगू नको, आधी तुला काय विचारायचंय ते विचार. मग शक्यता सांग आणि प्रत्येक शक्यता खोटी ठरवायला मी घरी काय तपासू ते सांग." असं विचारलं की त्याच मशीनचं उत्तर इतकं बदलतं की वेगळ्याच माणसाशी बोलतोय असं वाटतं. मग तोच प्रश्न नवीन चॅटमध्ये परत टाका. दोन्हीकडे निदान एकच आलं तर ते किमान तपासण्यालायक, वेगवेगळं आलं तर तो अंदाज मारतोय. आणि फोटो दिवसाउजेडी काढा, पानाच्या पुढचा, मागचा, आणि पूर्ण झाडाचा, ट्यूबलाईटच्या उजेडात चांगलं पान पण पिवळं दिसतं.

डाळिंब असेल तर मात्र ना चॅटबॉट ना शेजारी. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, आपल्याच गावात. पानावर तेलकट डाग दिसले की चॅटबॉट बऱ्याचदा बुरशीनाशकाकडे नेतो, पण तेल्या हा जिवाणूचा रोग, साध्या बुरशीनाशकाने तो हटत नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र तर सोलापुरात १९३३ पासून आहे, या मातीत आणि या पावसात काय चालतं याचा एवढ्या वर्षांचा अनुभव गावात असताना आपण फोनमध्ये विचारत बसतो याचं मला वाईट वाटतं. फोनवरच विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, टोल फ्री, मराठीत बोलतात.

एवढं करून पण दोन महिन्यांत शेंडे हिरवे झाले नाहीत तर माती आणि पाणी दोन्ही तपासायला द्या, कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत. मातीचा नमुना वरून चिमूटभर घ्यायचा नाही, चार-पाच इंच खालून, दोन-तीन कुंड्यांतला मिसळून, सावलीत वाळवून साधारण अर्धा किलो, आणि खत टाकून महिना तरी झालेला असावा. पाण्यासाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग गच्च भरलेली. पीएच, ईसी (क्षार किती आहेत त्याचं माप) आणि चुनखडी एवढं मातीचं, आणि पाण्याचं करताना बायकार्बोनेट मुद्दाम मागून घ्या, नुसत्या टीडीएसवरून (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या आकड्यावरून) ते कळत नाही. बाटलीवर बोअर का नळ ते लिहायला विसरू नका, दोन्ही द्यायच्या असतील तर दोन वेगळ्या बाटल्या.